नळीच्या टोकावरची छिद्रे : रिव्हॉल्व्हरचा धक्का आवरण्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/
५ एप्रिल १९७०. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस असलेले न्यूहॉल. मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या पोलिसांनी एक संशयित मोटार अडवली आणि त्यानंतरच्या जेमतेम पाच मिनिटांत चार तरुण पोलीस अधिकारी मारले गेले. त्यांपैकी एकाने आपल्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमधील सहाही गोळ्या झाडल्या होत्या. एकही गोळी लागली नाही.

२/
या घटनेच्या चौकशीत अनेक त्रुटी पुढे आल्या. त्यांतील एक काडतुसांविषयी होती. सरावाच्या मैदानावर पोलीस सौम्य .३८ स्पेशल काडतुसे झाडत. गस्तीवर मात्र त्यांच्यापैकी काहींच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जबर.३५७ मॅग्नम काडतुसे असत. हत्यार ओळखीचे, पण त्याचा धक्का अनोळखी. आणीबाणीच्या क्षणी हाताला जे माहीत नाही, ते हाताकडून नीट होत नाही.

३/
मग हा धक्का आवरायचा कसा? शस्त्रांच्या इतिहासात या प्रश्नाला तीन उत्तरे दिली गेली. पहिले, शस्त्र जड करणे. दुसरे, काडतूस सौम्य करणे. तिसरे, नळीच्या टोकाशी छिद्रे किंवा खाचा पाडून स्फोटाच्या वायूलाच कामाला लावणे. या तिसऱ्या उत्तराचे नाव कॉम्पेन्सेटर. स्पर्धेच्या मैदानावर नावाजलेली ही युक्ती कमरेला लावायच्या रिव्हॉल्व्हरवर वादग्रस्त का ठरली, त्याचा हा इतिहास.

४/
प्रथम त्यामागचे शास्त्र. चाप ओढला की दारू पेटते, वायू प्रसरण पावतो आणि गोळी पुढे ढकलली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच संवेग शस्त्राला मागे ढकलतो. पण पुढे जाते ती केवळ गोळी नव्हे. तिच्यामागून तप्त वायूचा लोटही अतिवेगाने बाहेर पडतो, आणि अग्निबाणाप्रमाणे तोही शस्त्राला मागे रेटतो. धक्क्याचे असे दोन भाग असतात : एक गोळीचा, दुसरा वायूचा.

५/
गोळीच्या वाट्याच्या धक्क्याला कोणीही हात लावू शकत नाही. गोळी हवी तर तो धक्का सोसलाच पाहिजे. वायूची दिशा मात्र बदलता येते. वायू बाजूला किंवा मागे वळवला की शस्त्र कमी मागे सरकते. हे काम करणाऱ्या योजनेला मझल ब्रेक म्हणतात. वायू वर फेकला की नळीचे तोंड खाली दाबले जाते, हा कॉम्पेन्सेटर. बोलण्यात दोन्ही शब्दांची सरमिसळ होते, कारण प्रत्यक्ष साधनांत बहुधा दोन्ही गुण थोडेथोडे असतात.

६/
रिव्हॉल्व्हरला दुसऱ्या गुणाची गरज अधिक. कारण त्याची नळी मुठीच्या बरीच वर असते. धक्का नळीच्या रेषेत येतो, आधार मात्र खाली तळहातात असतो. परिणामी शस्त्र केवळ मागे येत नाही, ते मनगटाभोवती वर उसळते. पुढची गोळी झाडण्यापूर्वी नेमाची माशी पुन्हा लक्ष्यावर आणावी लागते. या उसळीत जाणारा वेळ वाचवणे, हाच कॉम्पेन्सेटरचा हेतू.

७/
कल्पनेचा उगम पिस्तुलात नाही, तोफेत आहे. १८४२ साली फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी त्रेय द बोल्यू याने तोफेच्या नळीच्या तोंडाजवळ ४५ अंशांत तिरपी ३६ छिद्रे पाडून प्रयोग केले. वायूचा काही भाग या छिद्रांतून निसटे आणि तोफ कमी मागे जाई. ज्या काळी प्रत्येक बारानंतर संपूर्ण तोफगाडा मागे धावे आणि गोलंदाजांना तो पुन्हा जागेवर ढकलावा लागे, त्या काळी हे लहान यश नव्हते.

८/
करगिल युद्धाच्या छायाचित्रांतील बोफोर्स तोफ ज्यांना आठवत असेल, त्यांनी तिच्या नळीच्या टोकाशी असलेला खाचांचा भाग पाहिलेला असणार. तो त्याच कल्पनेचा वंशज. पण तोफ आणि खिशातले शस्त्र यांत एक मूलभूत भेद आहे. तोफेचे गोलंदाज नळीच्या तोंडापासून दूर, ठरलेल्या जागी असतात. रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याचा चेहरा नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. पुढचा सारा वाद या एका हातभर अंतरात सामावलेला आहे.

९/
हातातल्या शस्त्रावर ही युक्ती प्रसिद्ध केली ती कट्स पिता-पुत्रांनी. अमेरिकी मरीन कोअरमधील रिचर्ड माल्कम कट्स आणि त्याच नावाचा त्यांचा मुलगा यांनी १९२०च्या दशकात नळीच्या टोकावर बसणारा, वरच्या बाजूस आडव्या खाचा असलेला नळकांड्यासारखा भाग तयार केला. तो ‘कट्स कॉम्पेन्सेटर’ नावाने ओळखला जाऊ लागला. थॉम्प्सन सबमशीनगनच्या १९२८च्या नमुन्यावर तो बसला आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून जगभर पोहोचला.

१०/
परंतु १९४२ साली, ऐन महायुद्धात, थॉम्प्सनचा सुटसुटीत एम-१ नमुना निघाला तेव्हा हा कॉम्पेन्सेटर गाळण्यात आला. उत्पादन स्वस्त आणि जलद हवे होते. त्या हिशेबात या भागाचा लाभ पुरेसा भरला नाही. थॉम्प्सनचे .४५ काडतूस जड गोळीचे, पण कमी दाबाचे. वळवायला वायूच बेताचा असेल, तर कॉम्पेन्सेटर करणार किती? हा धडा पुढे रिव्हॉल्व्हरलाही जसाच्या तसा लागू पडला.

११/
आता रिव्हॉल्व्हरकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले .३८ स्पेशल हे अमेरिकी पोलिसांचे दीर्घकाळचे काडतूस. जुन्या नेहमीच्या स्वरूपात त्याची सुमारे १० ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने जाई. १९२७ साली कोल्टने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले : नळी अवघी दोन इंच, शस्त्र कोटाखाली सहज लपणारे. १९५० साली स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे, त्याहून लहान ‘चीफ्स स्पेशल’ आले. लपवून बाळगायच्या रिव्हॉल्व्हरचा साचा येथे पक्का झाला.

१२/
दरम्यान १९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणले. गोळी जवळपास तेवढ्याच वजनाची, पण चार इंची नळीतून वेग सेकंदाला ३७५ मीटरच्या घरात. आजच्या अमेरिकी मानकांनुसार .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, तर .३५७ मॅग्नमचा ३५,००० पौंड. दुप्पट! सुरुवातीचे मॅग्नम रिव्हॉल्व्हर म्हणूनच थोराड बांध्याचे होते. त्यांतील पहिले एफबीआयचे संचालक जे. एडगर हूव्हर यांना देण्यात आले.

१३/
थोराड शस्त्र दिवसभर कमरेला वागवणे त्रासाचे. सीमा गस्त दलातील बिल जॉर्डन यांनी मध्यम बांध्याच्या मॅग्नमचा आग्रह धरला आणि १९५५ साली ‘कॉम्बॅट मॅग्नम’, म्हणजे पुढे ‘मॉडेल १९’ म्हणून ओळखले गेलेले रिव्हॉल्व्हर, अवतरले. वजन एक किलोच्या आसपास. वागवायला सुखाचे, झाडायला कष्टाचे. त्यावर तोड म्हणून अनेक पोलीस दलांत एक प्रथा रूढ झाली : सराव .३८ने, गस्त .३५७ने. न्यूहॉलची मुळे या प्रथेत होती.

१४/
न्यूहॉलनंतर कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने जो मार्ग धरला, तो दुसऱ्या उत्तराचा होता. मॅग्नम काडतुसे बंद करून सर्वांना .३८ स्पेशल देण्यात आले आणि जे झाडायचे त्याचाच सराव करायचा, हा दंडक आला. त्यांनी धक्का यंत्राने कमी केला नाही. काडतूस बदलून आणि शिक्षण सुधारून केला. एका मोठ्या पोलीस दलाची ही निवड पुढील वाद समजण्यास फार उपयोगी आहे.

१५/
तिसरे उत्तर याच दशकात वेगळ्या वाटेने वाढत होते. मिशिगन राज्यातील लॅरी केली हे रिव्हॉल्व्हरने मोठी शिकार करणारे गृहस्थ. त्यांच्या हाताशी धातूकामाचे एक विशेष तंत्र होते : विद्युत ठिणग्यांनी पोलाद झिजवण्याचे. या तंत्राचा पाया १९४३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस आणि नतालिया लाझारेन्को या दांपत्याने घातला होता. केलींनी ते नळीवर वापरले आणि ‘मॅग-ना-पोर्ट’चा जन्म झाला.

१६/
या तंत्राचा लाभ असा की हत्यार पोलादाला स्पर्शच करीत नाही. तयार, कठीण केलेल्या नळीत माशीच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ, बिनकंगोऱ्याच्या खाचा पाडता येतात. नळीला नवा भाग जोडावा लागत नाही. लांबी आणि वजन वाढत नाही. जुने होल्स्टरही चालते. कट्सच्या नळकांड्याच्या तुलनेत ही मोठी झेप होती. कॉम्पेन्सेटर प्रथमच लपवून बाळगायच्या शस्त्रात बसू शकला.

१७/
काळही अनुकूल होता. डिसेंबर १९५५मध्ये जन्मलेले .४४ मॅग्नम काडतूस १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटाने घराघरात पोहोचवले. हौसेने ते रिव्हॉल्व्हर विकत घेणाऱ्यांना पहिल्याच बारात त्याच्या धक्क्याची ओळख झाली. १९७६ साली मिझुरीतील कोलंबिया येथे आयपीएससी या व्यावहारिक नेमबाजीच्या संघटनेची स्थापना झाली, आणि १९८०च्या दशकात वेगाच्या स्पर्धांत कॉम्पेन्सेटर लावलेली पिस्तुले सर्रास दिसू लागली. सेकंदाच्या दशांशावर जिथे क्रमांक ठरतो, तिथे उसळी कमी होणे म्हणजे विजय.

१८/
स्पर्धेत जे जिंकते ते कमरेला का नको? हा प्रश्न स्वाभाविक होता. १९९०च्या दशकात कारखान्यांतूनच छिद्रे पाडून आलेली रिव्हॉल्व्हरे दिसू लागली. ब्राझीलच्या टॉरस कंपनीने आपल्या अनेक नमुन्यांत ती दिली. येथून वाद रंगला. दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय त्याचे मर्म कळत नाही.

१९/
आधी लाभाची बाजू. मॅग्नम काडतुसात दारू अधिक, म्हणून वायूही अधिक. ढोबळ हिशेबाने साध्या .३८ स्पेशलच्या धक्क्यात वायूचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास, तर जोरकस .३५७मध्ये तो पाचव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहून वर जातो. वळवायला वायू भरपूर, म्हणून उसळीत जाणवण्याजोगी घट. दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. मनगट दुखरे असलेल्यांना किंवा लहान हातांच्या माणसांना सराव सुसह्य होतो, आणि सुसह्य सराव अधिक केला जातो. न्यूहॉलचा धडा आठवता हा मुद्दा हलका नाही.

२०/
दुसरा लाभ वजनाचा. लपवून बाळगणारा जड शस्त्र टाळतो. २००१ साली स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे, सुमारे ३४० ग्रॅम वजनाचे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनने काढले. म्हणजे कॉम्बॅट मॅग्नमच्या जवळपास एक तृतीयांश वजन. तेच काडतूस एवढ्या हलक्या शस्त्रातून झाडले की ते जवळपास तिपटीच्या वेगाने तळहातावर आदळते. वजन वाढवायचे नसेल आणि काडतूसही सौम्य करायचे नसेल, तर तिसऱ्या उत्तराखेरीज मार्ग उरत नाही, असे समर्थकांचे म्हणणे.

२१/
आता तोट्याची बाजू. पहिला मुद्दा भौतिकीचाच. खाली दाबणाऱ्या बलाला तरफ हवी. चार-सहा इंची नळीच्या टोकावरचे बल मनगटापासून दूर असते, म्हणून प्रभावी ठरते. दोन इंची नळीत ते अंतरच तोकडे. शिवाय एवढ्या आखूड नळीत खाचा पाडल्या की गोळीला ढकलणारी उपयुक्त लांबी आणखी घटते आणि थोडा वेग गमवावा लागतो. ज्या शस्त्राला मदतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते.

२२/
दुसरा मुद्दा काडतुसाचा. बहुसंख्य लोक लहान रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलच भरतात. तेथे वायू बेताचा, दाब उतरता. म्हणून छिद्रांचा लाभही बेताचाच. थॉम्प्सनच्या .४५ काडतुसाबाबत १९४२ साली जे ठरले, त्याचीच ही पुनरावृत्ती. उलट उघड्या शिशाच्या गोळ्या झाडल्या तर शिशाचे कण आणि काजळी खाचांत साचते. सफाई वाढते, दुर्लक्ष झाले तर लाभही घटतो.

२३/
तिसरा मुद्दा अंधाराचा. स्वसंरक्षणाचे प्रसंग पुष्कळदा रात्रीचे. आखूड नळीत मॅग्नमची सगळी दारू जळून संपत नाही. उरलेली नळीबाहेर पेट घेते. साध्या नळीत ही ज्वाला पुढे जाते. कॉम्पेन्सेटर तिचा काही भाग वर, थेट दृष्टीच्या रेषेत उडवतो. अंधाराला सरावलेले डोळे क्षणभर दिपतात. यावर समर्थकांचे उत्तर असे की आधुनिक स्वसंरक्षण काडतुसांत कमी ज्वालेची दारू असते आणि साध्या नळीतूनही काही कमी उजेड पडत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणूनच निकाल काडतुसागणिक बदलतो.

२४/
चौथा मुद्दा आवाजाचा. वर आणि बाजूला वळवलेला वायू म्हणजे झाडणाऱ्याच्या अधिक जवळ आलेला स्फोट. बंद खोलीत किंवा मोटारीत त्याचा परिणाम अधिक जाणवतो. कट्स कॉम्पेन्सेटर छऱ्याच्या बंदुकांवर बसू लागला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजांनी याच कारणासाठी नाके मुरडली होती. मैदानावर कानांना संरक्षण असते. रस्त्यावर नसते.

२५/
पाचवा मुद्दा सर्वांत गंभीर. हल्लेखोर हातभर अंतरावर असेल तर शस्त्र डोळ्यांसमोर धरता येत नाही. ते हिसकावले जाऊ नये म्हणून बरगड्यांशी आवळून झाडावे लागते. अशा वेळी वर उडणारा वायू, जळते कण आणि शिशाचे तुकडे झाडणाऱ्याच्याच हनुवटीच्या व डोळ्यांच्या दिशेने जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्या फटीतून बाजूला वायू निसटतोच. कॉम्पेन्सेटर त्याला आणखी एक वाट जोडतो. तोफेपाशी जे अंतर गोलंदाजाला वाचवते, ते येथे उरलेलेच नसते.

२६/
या मुद्द्यात इतिहासाचा एक उपरोध दडलेला आहे. कॉम्बॅट मॅग्नमचा आग्रह धरणारे बिल जॉर्डन कमरेच्या पातळीवरून विजेच्या वेगाने गोळी झाडण्यासाठी ख्यातनाम होते. २०१८ साली त्याच मॉडेल १९चा ‘कॅरी कॉम्प’ नावाचा नवा अवतार निघाला : तीन इंची नळी, वरच्या बाजूस वायूसाठी छेद, आणि अंधारात चमकणारी ट्रिटियमची माशी. रात्रीसाठी बनवलेल्या माशीच्या अगदी पुढ्यात ज्वालेची वाट! आणि कमरेवरून झाडणाऱ्या माणसाने मागून घेतलेल्या शस्त्राला वर फुंकणारे तोंड.

२७/
तरीही हा नमुना विचारपूर्वक आखलेला दिसतो. दोन इंचांऐवजी तीन इंच नळी, म्हणजे थोडी अधिक तरफ. बांधा पोलादी, म्हणजे वजनाचीही साथ. तिन्ही उत्तरांची मिसळ करून तडजोड साधण्याचा हा प्रयत्न आहे. शस्त्राचा प्रत्येक नमुना ही अशी तडजोडच असते. ती कोणी, कशासाठी केली हे विचारले की तो नमुना समजू लागतो.

२८/
या वादाचा आणखी एक साक्षीदार म्हणजे ११ एप्रिल १९८६चा मायामीचा दिवस. बँका लुटणाऱ्या दोघांशी एफबीआयची भीषण चकमक झाली. दोन एजंट मारले गेले. अखेरीस एडमंडो मिरेलेस या एजंटने, एक हात जायबंदी असताना, उरलेल्या एका हाताने रिव्हॉल्व्हर चालवून दोन्ही गुन्हेगारांना संपवले. ते रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचे होते. आत भरलेली काडतुसे मात्र .३८ स्पेशलची, किंचित वाढीव दाबाची होती.

२९/
भक्कम शस्त्र आणि तुलनेने सौम्य काडतूस : पहिले आणि दुसरे उत्तर एकत्र. या मेळाने जखमी माणसाच्या एका हातातही शस्त्र ताब्यात राहिले. एका घटनेवरून सिद्धांत मांडणे योग्य नव्हे. पण कॉम्पेन्सेटरला केवळ साध्या नळीशी नव्हे, तर या जुन्या, स्वस्त आणि निर्धोक मेळाशीही स्पर्धा करावी लागते, हे त्यातून स्पष्ट होते. अनेक पोलीस दलांनी हा मेळच पसंत केला.

३०/
त्या चकमकीनंतर अमेरिकी पोलीस झपाट्याने अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळले. १९९३ साली न्यूयॉर्क पोलिसांनीही नव्या पिस्तुलांना वाट मोकळी केली. रिव्हॉल्व्हर मुख्यतः नागरिकांच्या खिशात उरले. १९९६ साली लपवून बाळगायच्या शस्त्रांच्या स्पर्धांसाठी आयडीपीए ही संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या विभागांत कॉम्पेन्सेटर आणि छिद्रांच्या नळ्यांना मज्जाव होता. एका स्पर्धाविश्वाने जे डोक्यावर घेतले, ते दुसऱ्याने रोजच्या वापराचे नाही म्हणून दाराबाहेर ठेवले.

३१/
मग निष्कर्ष काय? शिकारीत, दिवसाउजेडी, लांब नळीच्या .४४ मॅग्नमवर कॉम्पेन्सेटरचे पारडे जड. स्पर्धेच्या मैदानावर तर निर्विवाद जड. तीन-चार इंची पोलादी .३५७वर लाभ-हानी तुल्यबळ. दोन इंची, .३८ भरलेल्या, खिशातल्या रिव्हॉल्व्हरवर मात्र लाभ किरकोळ आणि जोखीम चेहऱ्याच्या जवळची. साधन तेच; अंतर, उजेड आणि काडतूस बदलले की त्याचे मोल बदलते.

३२/
तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘हे चांगले की वाईट’ हा प्रश्न बहुधा अपुरा असतो. कोणासाठी, किती अंतरावर, कोणत्या प्रकाशात आणि कशाच्या बदल्यात, हे प्रश्न विचारावे लागतात. १८४२च्या फ्रेंच तोफेपासून २०१८च्या रिव्हॉल्व्हरपर्यंत वायूचा नियम तसूभरही बदलला नाही. माणूस आणि नळीचे तोंड यांतले अंतर तेवढे घटत गेले, आणि प्रत्येक पिढीला त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

(समाप्त)

#इतिहास #शस्त्रइतिहास